गोळी सुरू झाल्यापासून डबा जसाच्या तसा परत येतोय

नेरुळकरीण:

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. मार्चमध्ये एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याचं आणि अतिचंचलतेचं, निदान झालं. आधी तीन महिने आम्हा आईबापांचं समुपदेशन आणि त्याची थेरपी, मग शाळा सुरू झाल्यावर जूनच्या शेवटी डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट दिलं. सुरुवातीला पाच मिलिग्रॅमची साधी गोळी, दोन आठवड्यांनी दहाची एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी. सकाळी साडेसातला, एकदाच. उपयोग झाला, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यात प्रथमच त्याच्या वहीत फळ्यावरचं सगळं उतरलेलं दिसलं, वर तारीखसुद्धा. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय. बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील, इथे हसणार नाहीत.

पण डबा! तीन वाजता ओट्यावर उघडते तेव्हा वरच्या पोळीचा चंद्रकोरीएवढा एक घास तोडलेला असतो, कडा वाळून वर आलेल्या, भेंडीला तर हातही नाही. हाच मुलगा पूर्वी माझ्या ताटातला पापड पळवायचा. रागावले तर म्हणाला, "आई, डोकं जागं असतं, पण तोंड झोपलेलं असतं." यावर काय बोलणार? जूनमध्ये वजन २४.२ किलो होतं, परवा २२.९ भरलं.

दुसरं म्हणजे चार वाजताचं. शाळेची बस तीनला सोडते, तासभर बरा असतो, आणि मग अंगात आल्यासारखा होतो. परवा पेन्सिलीचं टोक मोडलं, एवढंच. कंपास पेटी जिन्यातून भिरकावली, ती दोन मजले खडखडत गेली, आणि मग स्वतःच पायरीवर बसून हमसून हमसून रडला. "मी मुद्दाम नाही केलं." ठाऊक आहे रे राजा मला. मी ऐरोलीला आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. चार वाजता रोजची मीटिंग. कॅमेरा बंद, माइक बंद, आणि मी जिन्यात.

तिसरं, झोप. साडेनऊला गुडुप होणारा मुलगा सव्वाअकरापर्यंत छताकडे बघत पडलेला असतो. घर स्टेशनजवळ आहे आमचं. "आई, आता पनवेल गेली. आता सीएसएमटी येईल." गाड्या मोजतो.

आणि रविवार. रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला सोफ्यावर नुसता बसून असतो. हाक मारली तर "हं". हसत नाही, भांडत नाही. सासूबाई म्हणतात, "माझा नातू कुठे गेला? गुंगीचं औषध आहे हे." शाळेतही असंच असतं का म्हणून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, छे, उलट वर्गात आता नीट बोलतो.

आता कबुली. दहीहंडीच्या सुट्टीत दोन दिवस गोळी दिलीच नाही, कुणालाही न विचारता. त्याने दोन वाट्या गोपाळकाला खाल्ला आणि मी समोर बसून बघत राहिले. त्याच संध्याकाळी चेंडूमागे सोसायटीच्या गेटमधून सरळ रस्त्यावर. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो. त्याने मला ज्या शिव्या घातल्या त्या निमूट ऐकून घेतल्या.

डॉक्टरांची तारीख अजून अठरा दिवसांवर आहे. तोवर घरात काय काय करता येईल? आणि रविवारी सुट्टी देतात म्हणे काही जण, ते खरं का?

वर्तकनगरची आई:

अगं, पहिली गोष्ट, अठरा दिवस थांबू नकोस. दोन महिन्यांत सव्वा किलोच्या वर वजन उतरलंय, तेही चोवीस किलोच्या मुलाचं. उद्या सकाळी दवाखान्यात फोन कर, वजनाचे दोन्ही आकडे सांग आणि तारीख अलीकडे मागून घे. न विचारता गोळी बंद केलीस तेही सांग. ओरडतील थोडं. मलाही ओरडले होते.

माझी लेक आता बारा वर्षांची, चार वर्षं हीच गोळी घेतेय. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं, डॉक्टरकीचं नाही.

डब्याशी भांडण आजपासून बंद. दुपारी त्यांना भूक नसतेच, ती आपल्या ओरडण्याने यायची नाही. गोळीच्या आधी आणि गोळी उतरल्यावर अशा दोन खिडक्या मिळतात, सगळं जेवण तिकडे सरकवायचं. आमच्याकडे सकाळी साडेसहाला खरं जेवण होतं. थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा, नाहीतर दोन अंड्यांची पोळी, नाहीतर साजूक तुपातला शिरा. "इतक्या सकाळी शिरा?" असं माझी जाऊ म्हणाली होती. म्हटलं, हो, इतक्या सकाळी. खाणं पोटात गेल्यावरच गोळी. त्याने पोटदुखीही कमी झाली. डब्यात फक्त दोन घासांचं द्यायचं: एक शेंगदाण्याचा लाडू, दोन खजूर, चिजाचा तुकडा. अर्ध्या पोळीचा रोल दे, तोही खाल्लाच पाहिजे असं नाही. मग रात्री आठला जेवण आणि झोपायच्या आधी पुन्हा दहीभात किंवा दूध-केळं. रात्री हिची भूक अशी खवळायची की फ्रिज उघडाच राहायचा. खाऊ दे. रात्री नऊ वाजता वरणभात मागितला तर आनंदाने कुकर लाव.

तुझं चार वाजताचं आमच्याकडे साडेतीनला व्हायचं. एसआरचा जोर साधारण सहा ते आठ तास, तुझं साडेसातपासून मोज, गणित जुळतं बघ. गोळी उतरताना पोरं अशी उसळतात, डॉक्टर त्याला रिबाउंड म्हणतात. त्यातच सकाळपासूनचं रिकामं पोट. बसमधून उतरल्या उतरल्या हातात केळं किंवा चिक्की, तोंडातून एकही प्रश्न नाही. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न आमच्या घरात साडेपाचपर्यंत बंद आहे. गृहपाठ त्याच्याही नंतर. तेवढ्याने निम्मं शमलं. राहिलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारची गोळी दिली. काहींना दुपारी छोटा डोस देतात म्हणे. ते त्यांनाच ठरवू दे, दुपारचा डोस झोपेवर येऊ शकतो.

आणि एक वही कर. शंभर पानी, साधी. गोळी किती वाजता, कुणी दिली, सोबत काय खाल्लं, चार वाजता कसा होता, झोपला किती वाजता. पाच रकाने. मी वही केली तेव्हा कळलं की लेक फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी बारापर्यंत जागी असते. मी गोळीला दोष देत होते. मंगळवार-शुक्रवार ती माझ्या आईकडे असायची, आणि आई तिला साडेपाचला अर्धा कप चहा द्यायची. "अगं, अर्धाच तर कप!"

बाकी उंची-वजन आमचे डॉक्टर दर खेपेला तक्त्यावर मांडतात. पहिल्या वर्षी उंचीची रेघ जरा वाकली होती, मला रडू आलं होतं. नंतर पुन्हा आपल्या वळणावर आली.

ऐरोलीकर७१:

गोळ्या बंद करा. आमच्या वेळी असली नावं नव्हती. सकाळी ब्राह्मी, संध्याकाळी मैदान, आणि मोबाइल काढून घ्या. महिन्यात फरक.

खारघरचा बाबा:

ऐरोलीकर, मैदानाबद्दल शंभर टक्के मान्य. बाकीचं जाऊ द्या.

नेरुळकरीणताई, आमचं औषध वेगळं आहे, तरी लिहितो, कारण डॉक्टर कदाचित हा पर्यायही समोर ठेवतील. मुलाला डोळे मिचकावायची सवय आधीपासून होती, म्हणून त्याला अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलं. हे रोज घ्यायचं, पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बायको आणि मी एकमेकांकडे बघत होतो, पैसे पाण्यात गेले का म्हणून. यात रविवारची सुट्टी वगैरे काही नसते. सुरुवातीला मळमळ फार. एकदा उठायला उशीर झाला म्हणून उपाशीपोटी दिली आणि बेलापूरच्या सिग्नलला त्याने माझ्या हेल्मेटमध्ये उलटी केली. नवं हेल्मेट होतं. मग जेवणानंतर द्यायला लागलो. दिवसा पेंगायचा, म्हणून डॉक्टरांनी वेळ रात्रीवर नेली. कॅप्सूल उघडून पूड दुधात टाकायची नाही, ती डोळ्यांत गेली तर झोंबते.

या औषधात क्वचित यकृताला त्रास होतो. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखणं, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. आणि मूल एकदम उदास झालं, "मला जगायचं नाही" असलं काही बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टर. तुमच्या गोळीत छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं काही दिसणं किंवा ऐकू येणं, यालाही हाच नियम आहे.

उंचीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एमटीए नावाच्या मोठ्या अभ्यासात (५७९ मुलं, पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये) नव्याने तुमच्यासारखी गोळी सुरू करून सतत घेणारी मुलं तीन वर्षांनी न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंमी बुटकी भरली होती. मी हे वाचून आठवडाभर झोपलो नव्हतो. मग डॉक्टर म्हणाले, म्हणून तर आपण दर सहा महिन्यांनी मोजतो. मोजायला लागल्यावर झोप आली.

काउंटरपलीकडून:

ठाण्यात माझं औषधांचं दुकान आहे, नौपाड्याच्या बाजूला, सव्वीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण काउंटरवर काय काय दिसतं ते सांगतो.

ताई, सासूबाईंना आधी हे सांगा. ही गोळी शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालीही. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत आम्ही दोन वर्षं जपतो. म्हणून ती चार दुकानांत मिळत नाही. लोक पाचव्या दुकानात पोचेपर्यंत घाबरलेले असतात, डॉक्टरांनी नेमकं लिहून तरी काय दिलंय! एवढा बंदोबस्त गैरवापर होऊ नये म्हणून आहे. गुंगी आणणारं औषध नाही ते, मेंदू जागा ठेवणारं आहे. तुमच्या मुलाने "डोकं जागं असतं" म्हटलं ना, त्याने कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा नेमकं सांगितलं.

आता मुद्द्याचं. एसआर गोळी कुटायची नाही, चावायची नाही, मधात चाटवायची नाही. दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध मग एकदम सुटतं. मूल दोन-तीन तास दगडासारखं बसतं आणि नंतर भडकतं. तुम्ही रविवारचं लिहिलंय ते वाचून मला हेच आलं मनात. गोळी एकच, डोस एकच, मग रविवारीच का? रविवारी गोळी कोण देतं, हे एकदा घरात बघा. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, मार्ग निघतो. आणि रोजच, शाळेतसुद्धा तसाच गप्प वाटला असता तर डोस जास्त होतोय का ही शंका घ्यायची असते.

सर्दीचं सिरप परस्पर देऊ नका. त्यात बहुधा फिनायलेफ्रिन असतं, तेही रक्तदाब वाढवतं आणि ही गोळीही. विचारून घ्या. ब्राह्मीचंही तेच, द्यायची असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून. सकाळची गोळी राहिली आणि दुपारी आठवली, तर त्या दिवशी सोडून द्या, नाहीतर रात्री गाड्या मोजणं ठरलेलं. गणपतीला गावी जात असाल तर गोळ्या मूळ पट्टीतच न्या, सोबत चिठ्ठी. कोकणात ऐन वेळी ही गोळी शोधत फिरणारे बाप मला फोन करतात, आणि मी इथून काहीही करू शकत नाही. शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका. घरातही कपाटाला कुलूप हवं, धाकटी भावंडं असतील तर हवंच.

नौपाड्याचे आजोबा:

मुली, "गुंगीचं औषध" म्हणणारा आमच्या घरातला मी. सुनेशी सहा महिने नीट बोललो नाही. वर्तकनगरच्या ताईंनी लिहिलेली ती प्रश्नबंदी आमच्याकडेही आहे. रोज चारला नातवाला घेऊन तलावपाळीवर जातो. खिशात उकडलेल्या शेंगा. तो शेंगा सोलतो, टरफलं माझ्या पिशवीत टाकतो, मी काही विचारत नाही. दुसऱ्या फेरीला तो आपणहून बोलायला लागतो. पावसात जाता येत नाही, तेव्हा जिन्यावरून चार वेळा वर-खाली. माझ्या गुडघ्यांना ते आवडत नाही.

सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबत न्या. मला सून घेऊन गेली होती. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली आणि सगळं माझ्याकडे बघून सांगितलं. बाहेर आल्यावर मी सुनेला म्हटलं, चल, कॉफी घेऊ.

नेरुळकरीण:

महिन्याने लिहितेय, राग मानू नका. गणपती मध्ये आले.

काउंटरपलीकडून, तुमचं उत्तर वाचून मी रात्री पावणेबाराला सासूबाईंच्या खोलीत गेले. रविवारी मी आठपर्यंत झोपते, गोळी त्या देतात. त्याला गिळायला त्रास होतो म्हणून त्या ती खलबत्त्यात कुटून मधातून चाटवत होत्या. जुलैपासून. वाईट कुणाचंच नव्हतं मनात. त्या इतक्या घाबरल्या की मीच त्यांना पाणी दिलं. खलबत्ता आता वरच्या फळीवर आहे. रविवारचा सोफा थांबला. मागच्या रविवारी त्याने चुलतभावाला चिमटा काढला, आणि सासूबाई मला डोळ्यांनीच म्हणाल्या, आला नातू परत.

डॉक्टरांनी तारीख चार दिवसांवर आणली. सासूबाई सोबत होत्या, त्यांनाही खुर्ची मिळाली. वजन, उंची, नाडी, रक्तदाब, सगळं मोजलं. वही बघून डॉक्टर खूश झाले, आणि दहीहंडीचं सांगितल्यावर तितकेच नाराज. डोस तोच ठेवलाय, वेळ पावणेसातवर आणली, आधी पोटभर खाणं. गोळी गिळायचा सराव खडीसाखरेच्या बारक्या खड्यांवर करून घेतला, आठवड्यात जमलं. रविवारच्या सुट्टीबद्दल म्हणाले, वजन याउपर उतरलं तर विचार करू, पण माझ्याशी बोलून, आणि त्या दिवशी रस्त्यावर त्याचा हात सोडायचा नाही.

वजन आता २३.२. डबा अजूनही जवळजवळ भरलेलाच येतो, फक्त मी आता तो उघडून बघत बसत नाही, सरळ घासायला टाकते. चारचं वादळ आता सव्वातीनला येतं, बस सोडते तेव्हाच. म्हणजे मीटिंगच्या आधी. हातात केळं देते आणि गप्प बसते. मला गप्प बसणं त्याच्यापेक्षा जड जातं. दोनदा मात्र केळंही भिंतीवर गेलं. झोप साडेदहावर आलीय, त्याखाली उतरत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय, तेव्हा तेच विचारणार आहे. गावी पट्टी आणि चिठ्ठी दोन्ही नेलं होतं. आरतीनंतर रात्री नऊला त्याने उकडीचे चार मोदक खाल्ले, तुपासकट.

वर्तकनगरची आई, एक विचारायचं राहिलं. थालीपिठाची भाजणी तुम्ही घरी करता का? माझी कडू होते आणि तो ताट सरकवतो.

वर्तकनगरची आई:

मेथ्या जास्त पडत असतील. किलोला एक चमचा पुरे. आणि भाजताना काळ्या होऊ देऊ नकोस.